चौथी गोळी

भांडुपच्या त्या स्पर्धेत माझी शिट्टी वाजली नाही आणि मैदानात हाणामारी व्हायची वेळ आली. शिट्टीत काही बिघाड नव्हता. फुंकायला माझ्याकडे हवाच नव्हती.

मी कबड्डीचा पंच. नोकरी अंधेरीच्या एका कारखान्यात, स्टोअर खात्यात, पण ती पोटासाठी. रविवारी मात्र घाटकोपर असो की मुलुंड, जिथे चुन्याच्या रेषा मारल्यात आणि माइकवरून कुणीतरी घसा फाडतंय, तिथे मी हजर. तरुणपणी स्वतः खेळलो. वडील गिरणीच्या संघातून खेळायचे. त्यांची छाती मला मिळाली असं घरात सगळे म्हणायचे आणि ते ऐकून मी ती आणखी थोडी पुढे काढायचो.

तर तो उपांत्य सामना. शेवटची तीन मिनिटं, गुण बरोबरीत. चढाईला आलेल्या पोराला चौघांनी धरलं, तो सरपटत रेषेपर्यंत आला आणि मी शिट्टी तोंडात धरून फुंकली. फुस्स. परत फुंकली. परत फुस्स. ढीग वाढत गेला, कुणाला काही कळेना. शेवटी समोरच्या बाजूला उभ्या असलेल्या माझ्या दोस्ताने शिट्टी मारून खेळ थांबवला. तोही पंच, तीस वर्षांचा जोडीदार. दोन्ही संघ त्याच्या अंगावर धावून गेले, त्यांना झापून तो माझ्याकडे आला.

"काय रे, तुका काय झाला?"

हा मालवणचा. एरवी माझ्याशी साधं मुंबईचं बोलतो, पण घाबरला की आपोआप गावची भाषा बाहेर येते. म्हणून मीही घाबरलो.

"काही नाही रे. सकाळपासून जरा धाप लागतेय."

"आणि बुटाच्या नाड्या?"

मी खाली बघितलं. नाड्या मोकळ्या होत्या. सकाळी पाय बुटात जाईनात, म्हणून मी नाड्या तशाच सोडल्या होत्या. पाय घोट्यापाशी एवढे सुजले होते की मोज्याचा ठसा बोटभर आत गेला होता.

घरी दोस्ताने माझ्या बायकोला सगळं सांगितलं. मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "मला माहितेय. महिनाभर तीन उश्या घेऊन झोपतायत. आणि चढावर तीन वेळा फोन बघायला थांबतात. यांना फोन करतं कोण?"

आमचं घर भांडुपला टेकडीच्या अंगाला, वर चढून जावं लागतं. मी इतके दिवस समजत होतो की फोनचं नाटक कुणाला कळत नाही.

ब्लडप्रेशर मला आठ वर्षांपासून होतं. एका गोळीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन झाल्या, तरी वरचा आकडा एकशे साठच्या खाली उतरायचं नाव घेत नव्हता. मी सगळ्यांना सांगायचो, खेळाडूचं रक्त आहे, जोरातच धावणार.

मुलुंडच्या हार्टच्या डॉक्टर माझ्या पुतणीच्या वयाच्या. त्यांनी माझं हे खेळाडूचं रक्त शांतपणे ऐकून घेतलं, छातीवर थंडगार जेल लावून सोनोग्राफीसारखी तपासणी केली आणि आम्हा दोघांना समोर बसवलं.

"काका, हार्ट फेल्युअर आहे."

"फेल? अहो मी बसलोय ना तुमच्यासमोर!"

"फेल म्हणजे बंद पडलं असं नाही. पंपाचा जोर कमी झालाय. इतकी वर्षं वाढलेल्या प्रेशरशी झगडून थकलाय तो. आता सध्याच्या गोळ्यांत थोडा बदल करू आणि एक नवीन सुरू करू. तुमचं प्रेशर तीन गोळ्यांना दाद देत नाही, त्यालाही ती चालते आणि हृदयालाही."

गोळीचं नाव होतं स्पायरोनोलॅक्टोन. मी ते एका दमात म्हणून दाखवायचा प्रयत्न केला. दम पुरला नाही.

"ही नेमकं करते काय?" बायकोने विचारलं. ती घरी मिक्सर आणला तरी आतलं कागदपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचते.

डॉक्टरांनी कागदावर किडनी काढली, तिच्यावर टोपी काढली. "ही टोपी म्हणजे एक ग्रंथी. तिच्यातून अल्डोस्टेरॉन नावाचं हार्मोन सुटतं. त्याचं किडनीला सांगणं एकच, मीठ धरून ठेव, पाणी धरून ठेव. अंगातलं पाणी खरंच कमी झालं, रक्त गेलं, तर याच्यामुळे माणूस वाचतो. पण काकांच्या बाबतीत काय झालंय, पंपाचा जोर कमी, म्हणून किडनीकडे रक्त कमी पोचतं. शरीराला वाटतं, पाणी आटलं. मग हे हार्मोन अजून सुटतं."

"म्हणजे पाय सुजेपर्यंत पाणी भरलंय, आणि हे म्हणतंय अजून भरा?"

"बरोबर."

"यांच्या घराण्यातच आहे हे," बायको म्हणाली. "सासूबाईंनी नळ चोवीस तास असतानाही तीन पिंपं भरून ठेवली होती."

डॉक्टर हसल्या. मग म्हणाल्या, "किडनीत हे हार्मोन ज्या जागी येऊन बसतं, त्या जागेवर ही गोळी आधी जाऊन बसते. हार्मोन येतं, पण त्याला बसायला जागा नाही. मग जादा मीठ आणि पाणी लघवीवाटे निघून जातं, प्रेशर उतरतं. दुसरं म्हणजे हे हार्मोन फार दिवस जास्त राहिलं की हृदयाच्या स्नायूत व्रणासारखे धागे धरतात, हृदय कडक होत जातं. ते थोपवायचं काम ही गोळी करते. म्हणून सूज उतरली तरी गोळी चालू ठेवायची. कळलं?"

"कळलं," आम्ही दोघं म्हणालो.

"आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. मीठ बाहेर जातं तेव्हा पोटॅशियम मागे राहतं. ते फार साठलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. आठवड्याने रक्त तपासायचं, मग महिन्याने. चुकवायचं नाही. यात काय टाळायचं ते लिहिलंय." त्यांनी छापील कागद दिला. बायकोने तो घडी करून पर्समध्ये ठेवला. त्या पर्समधून परत बाहेर आलेली वस्तू मी अजून पाहिलेली नाही.

घरात मीठबंदी झाली. लोणच्याची बरणी, पापडांचा डबा, दोस्ताने गावाहून आणलेले सुके बांगडे, सगळं शेजारी गेलं. दोन दिवस मी बेचव वरण खाऊन कोकणी माणसाने जेवढं दुःख करावं तेवढं केलं. तिसऱ्या दिवशी डाळ अचानक खारट लागली. नेहमीसारखी नाही, थोडी कडवट, पण खारट!

"चौथ्या मजल्यावरच्या ताईंनी सांगितलं," बायको खुशीत म्हणाली. "मॉलमध्ये हार्टवाल्यांचं वेगळं मीठ मिळतं. साध्या मिठात सोडियम असतं ना, ते यात कमी असतं. पाकिटावर हृदयाचं चित्रसुद्धा आहे."

मी तीन चपात्या खाल्ल्या.

त्याच आठवड्यात कबड्डीवाले भेटायला यायला लागले. आजारी माणसाकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, आणि हार्ट म्हटल्यावर गोड नको, तेलकट नको, मग उरलं काय? शहाळं. पहिल्या दिवशी चार आली, दुसऱ्या दिवशी तीन. दोस्त तर कोयता घेऊनच यायचा. सकाळी एक, जेवणाच्या आधी एक, संध्याकाळी एक असा मी तोंड लावत होतो, आणि पायाची सूजही उतरत होती, त्यामुळे श्रेय शहाळ्यांना जात होतं.

आठवड्याने रक्त दिलं. दुपारी डॉक्टरांचा स्वतःचा फोन आला.

"काका, पोटॅशियम बरंच वाढलंय. तुम्ही खाताय काय?"

"डॉक्टर, देवाशपथ, मिठाचा कण नाही. बायको ते वेगळं मीठ घालते, हृदयाचं चित्र असलेलं."

त्यांनी मला तिथेच थांबवलं.

"आजची गोळी घेऊ नका. रिक्षा करा आणि लगेच इकडे या. येताना ते पाकीट आणा."

आम्ही गेलो. माझ्या छातीला वायरी लावून ईसीजीची पट्टी काढली, ती पट्टी डॉक्टरांनी दोनदा नीट पाहिली आणि मग खुर्चीला टेकल्या. ठोके ठीक होते. त्यांनी बायकोच्या हातातून पाकीट घेतलं आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेली ओळ दाखवली. सोडियम कमी केलं होतं खरं. त्याच्या जागी घातलं होतं पोटॅशियम.

"आणि शहाळी किती?"

मी बोटं मोजायला लागलो. दोन्ही हात संपले, तेव्हा त्या म्हणाल्या, "राहू दे, कळलं. शहाळ्यातही तेच असतं."

बायकोचा चेहरा उतरला. मिक्सरचं कागदपत्र वाचणारी बाई ती, आणि डॉक्टरांचा कागद पर्समध्येच राहिला, पाकीटही उलटून बघितलं नव्हतं. "मीच घातलं की यांच्या ताटात," असं म्हणून ती तिथेच रडायला लागली. सव्वीस वर्षांच्या संसारात ती माझ्यासमोर अशी रडली नव्हती. मी म्हणालो, "अगं, पण डाळ झकास झाली होती." ती रडता रडता हसली आणि मग माझ्या दंडावर एक फटकाही दिला.

गोळी काही दिवस बंद ठेवून अर्धी सुरू झाली, मग रक्त बघून पुन्हा पूर्ण. मीठ कचऱ्यात गेलं. शहाळी घेऊन येणाऱ्यांना दोस्त जिन्यातच अडवून त्यांची शहाळी स्वतः प्यायला लागला.

दोन महिन्यांत मी दुसराच माणूस झालो. वजन पाच किलोने उतरलं, ते सगळं पाणी होतं. एका उशीवर झोपायला लागलो. चढावर फोन न बघता घरी पोचायला लागलो. आणि प्रेशर! वरचा आकडा एकशे अठ्ठावीस. मशीन बिघडलं असेल म्हणून आम्ही शेजाऱ्यांचं मशीन आणून बघितलं. एकशे सव्वीस.

मग सुरू झालं ते दुसरंच.

सहाव्या महिन्यात एका सकाळी बनियन घालताना डाव्या बाजूला छातीवर काहीतरी खुपलं. हात लावून बघितलं तर निप्पलच्या मागे सुपारीएवढी गाठ, आणि हात लावला की ब्रह्मांड आठवावं असं दुखणं. पंधरा दिवसांत उजव्या बाजूलाही तेच. आणि मग आरशात बघितल्यावर जे दिसलं ते मी इथे एका वाक्यात लिहून टाकतो: माझी छाती वाढत होती, पण वडिलांची वाढली होती तशी नव्हे.

घाबरलो किती, ते सांगत नाही. वाईटसाईट रोगांची नावं मनात आली. पण खरं सांगायचं तर रोगापेक्षा जास्त लाज वाटली. सत्तावन्न वर्षांचा कबड्डीचा पंच, आणि कुणाला सांगू काय? मी मे महिन्यात शर्टावर जाकीट घालायला लागलो. कारखान्यात लोक म्हणाले, काय साहेब, राजकारणात जाताय का? मैदानावर तर वाट लागली. आमच्यात माणूस भेटला की छातीवर थाप मारायची पद्धत. दोस्ताने एकदा लांबून येऊन अशी थाप मारली की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

"इतकी आठवण येत होती माझी?" तो म्हणाला.

गोळीच्या खोक्यातला कागद मी चष्मा लावून वाचला. दुष्परिणामांच्या यादीत ते होतं. वाचून मी काय करायला हवं होतं? डॉक्टरांना फोन. मी काय केलं? गोळी बंद केली. रोज सकाळी बायकोसमोर पाकिटातून गोळी काढायची, तोंडाकडे हात न्यायचा आणि मग ती खिशात टाकायची. त्यातच पुतण्याचं लग्न होतं, तिथे पापड, लोणचं, सोलकढी, सगळ्यांचा मान ठेवला.

दहा-बारा दिवसांत मोज्याचा ठसा परत आला. दुसरी उशी आली. एका संध्याकाळी मी चढावर थांबून फोन काढला आणि वर बघितलं, तर बायको वरच्या पायरीवर भाजीची पिशवी घेऊन उभी होती.

"कुणाचा फोन आहे?" तिने विचारलं.

"कारखान्यातून."

ती खाली उतरून आली, पिशवी ठेवली आणि माझ्या पँटच्या खिशात हात घातला. आतून दोन गोळ्या निघाल्या. धुण्याच्या वेळी चार दिवसांपूर्वीही तिला सापडल्या होत्या, हे मला नंतर कळलं. मी कबूल कधी करतो याची ती वाट बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलुंड. डॉक्टरांनी वजन घेतलं, पाय दाबून बघितले.

"गोळी का बंद केलीत?"

मी छताकडे बघितलं. "अशीच. कंटाळा आला."

"काका?"

"उन्हाळ्यामुळे."

"डॉक्टर," बायको म्हणाली, "यांची छाती बायकांसारखी व्हायला लागलीय. दोन महिने झाले. जाकीट काढायला सांगा."

मला वाटलं, जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. "तुला माहीत होतं?"

"सव्वीस वर्षं तुमचे शर्ट मी इस्त्री करते. बटणं ताणलेली मला दिसत नाहीत का?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलायची वाट बघत होते. एवढं काय लपवायचं? मी काय बाहेरची आहे?"

हे ती चिडून म्हणाली, पण शेवटच्या शब्दाला आवाज हलला. तेव्हा मला कळलं की छाती वाढल्याचं तिला काहीच वाटलेलं नाही. तिच्या मनाला लागलं ते जाकीट.

डॉक्टरांना काडीचंही आश्चर्य वाटलं नाही. त्यांनी तपासून बघितलं, खात्रीसाठी सोनोग्राफीही केली. वाईट काही नव्हतं. "ही गोळी जरा बेफिकीर आहे," त्या म्हणाल्या. "अल्डोस्टेरॉनची जागा अडवायची, तर ती पुरुषी हार्मोनच्या जागेवरही जाऊन बसते. काही पुरुषांना म्हणून असं होतं. सगळ्यांना नाही. तिची एक धाकटी बहीण आहे, एप्लेरेनोन. ती नेमकी आपल्याच जागेवर बसते, इकडेतिकडे फारशी जात नाही. आपण ती देऊ. रक्त मात्र तिलाही तपासावं लागतं. आणि काका, दुखायला लागल्याबरोबर तुम्ही सांगितलं असतंत, तर त्याच दिवशी बदलली असती. दोन मिनिटांचं काम."

दोन मिनिटांच्या कामासाठी मी अख्खा मे महिना जाकिटात काढला होता.

नवी गोळी लागू पडली. सूज आठवड्यात गेली, प्रेशर परत जागेवर आलं. छातीचं दुखणं हळूहळू, चार-पाच महिन्यांनी थांबलं. गाठ बारीक झाली. पूर्ण पहिल्यासारखी छाती काही झाली नाही, पण या वयात पहिल्यासारखं आहे तरी काय?

राहिला दोस्त. त्याला सांगावं असं बायकोचं म्हणणं पडलं. मी मैदानावरच्या बाकावर बसून त्याला सगळं सांगितलं, जाकिटासकट. तो हसला. एवढा हसला की बाकावरून उठून रेषेपर्यंत जाऊन आला. "म्हणजे मी त्या दिवशी जी थाप मारली..." असं म्हणायचा आणि परत सुरू. मीही शेवटी हसलो. कितीतरी महिन्यांनी हसताना दम लागला नाही.

दोन दिवसांनी तो आमच्या घरी आला. बायको भाजी आणायला खाली गेली होती. तो बराच वेळ टीव्हीकडे बघत बसला, टीव्ही बंद होता.

"तुझी ती डॉक्टरीण," तो म्हणाला, "चिडकी आहे का रे?"

"नाही. का?"

"माझंही प्रेशर आहे. दोन वर्षं झाली. गोळ्या लिहून दिल्यात, दहा दिवस घेतल्या."

"मग?"

त्याने दाराकडे बघितलं, कुणी नाही याची खात्री केली आणि माझ्या कानाशी येऊन का बंद केल्या ते सांगितलं. काय सांगितलं ते मी इथे लिहिणार नाही. एवढंच सांगतो की गोष्ट नवरा-बायकोच्या खोलीतली होती आणि मी हसलो नाही. हसू येत होतं, खूप येत होतं, पण नाही हसलो.

"डॉक्टरला सांगितलंस?"

"वेडा आहेस का? बाईमाणसाला कसं सांगू?"

"माझी छाती तिने बघितलीय," मी म्हणालो. "तुझं ऐकून तिला जांभई येईल."

त्या शनिवारी आम्ही दोघं मुलुंडला गेलो. दोस्ताच्या दंडाला पट्टा बांधला, तो फुगायला लागला तसे दोस्ताचे डोळे मोठे झाले. डॉक्टरांनी आकडा लिहून घेतला आणि विचारलं, "गोळ्या का थांबवल्या होत्या?"

दोस्ताने माझ्याकडे बघितलं, मी भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे.

"डॉक्टर, माका..." त्याने सुरुवात केली. मग घसा खाकरला, मालवणी सोडली आणि सगळं साध्या मराठीत सांगून टाकलं.